टेक्सासमध्ये रँच घेताना: ५२० एकर आणि ‘इतर हक्क’

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही तीन मराठी कुटुंबांनी मिळून टेक्सासमधल्या किंबल काउंटीत, जंक्शन गावापासून अर्ध्या तासावर, ५२० एकर माळरान विकत घेतलं. त्यावर एक जुनं दगडी घर आहे, दोन बोअर आहेत, बाकी सगळे चुनखडीचे डोंगरउतार, सीडरची झुडपं, लाइव्ह ओकची झाडं आणि निवडुंग. गुरं चारायला आणि शिकारीला योग्य, असं जाहिरातीत लिहिलेलं होतं, आणि ते खरंही आहे. घर कसं घ्यायचं हे सांगायला आमच्या ओळखीत हवी तेवढी माणसं होती. रँच कशी घ्यायची हे सांगणारं मात्र कुणीच भेटलं नाही. जे आम्ही विचारत विचारत शिकलो ते क्रमाने लिहून ठेवते आहे. आकडे आमच्या व्यवहाराचे आहेत. काउंटी बदलली की ते बदलतील.

माझं माहेर माण तालुक्यातलं. आबांच्या दावणीला खिल्लार असायचे, आणि पाऊस नसलेल्या वर्षी चाऱ्यासाठी काय धावाधाव होते ते मी लहानपणापासून पाहिलंय. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) आलं, आणि तेव्हा कळलं की आता भारतात मला फ्लॅट घेता येईल, पण शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येणार नाही. वारसाने मिळू शकते, पण माझ्या वाट्याची जमीन मी हक्कसोड करून भावाला दिली, कारण कसतो तो. त्याचं वाईट वाटत नाही. तरी पायाखाली आपली म्हणावी अशी माती हवी, ही ओढ काही गेली नाही. नवऱ्याने वर्षभर ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, “इथेच बघू.”

मार्च २०२३ पासून बघायला लागलो. टेक्सासची सुमारे ९५ टक्के जमीन खासगी आहे. त्यामुळे इथे शिकार म्हणजे बहुतेक वेळा कुणाच्या तरी मालकीच्या रानात, भाडं भरून. म्हणूनच जाहिरातीत गुरं आणि शिकार हे दोन शब्द जोडीने येतात: जमिनीला ती दोन उत्पन्नं आहेत. ऑस्टिन-सॅन अँटोनियोच्या जवळ भाव परवडणारे नव्हते. इंटरस्टेट १० ने पश्चिमेला जावं तसे ते उतरतात, आणि पाऊसही. शिवाय पन्नास-शंभर एकरांच्या तुकड्याला एकरी भाव जास्त पडतो, मोठ्या तुकड्याला कमी. म्हणून आम्ही, माझे दीर-जाऊ आणि ऑस्टिनचा एक मित्र व त्याची बायको, अशी तीन घरं एकत्र आलो. जिरायत जमिनीला ५४ एकरांची कमाल मर्यादा असलेल्या राज्यातून आलेल्या माणसाला पाचशे एकर हा आकडाच आधी पचनी पडत नाही. इथल्या कोरड्या भागात मात्र त्याला कुणी मोठी रँच म्हणत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये एका घराण्याची सुमारे ३,१०० एकरांची रँच विक्रीला असल्याचं कळलं. चार पिढ्या एकाच कुटुंबात. आता नऊ वारस, तीन-चार राज्यांत पांगलेले, आणि त्यांतलं कुणीही रानावर राहत नव्हतं. टेक्सासमध्ये हे सर्रास घडतं. प्रचंड अशी वॅगनर रँच, पाच लाख एकरांहून मोठी, कुटुंबातल्या कोर्टकज्ज्यांनंतर २०१६ मध्ये अखेर विकली गेली. आमच्या विक्रेत्यांत भांडण नव्हतं. म्हाताऱ्या आईच्या पश्चात सांभाळणारं कुणी उरलं नव्हतं, इतकंच. पूर्ण रँच घेणारा मिळेना, तेव्हा ते तुकडे करायला तयार झाले.

जागा दाखवायला त्यांचा मॅनेजर आला. सत्तरीचा माणूस, आयुष्य त्याच रानात गेलेलं. पिकअपमधून फिरवताना तो दर फाटकापाशी थांबायचा आणि माझ्या हातात साखळी द्यायचा, उघडून गाडी गेल्यावर पुन्हा लावायची, जशी होती तशी. हौदाजवळ त्याच्या गाई उभ्या होत्या. करड्या, उंच वशिंडाच्या, गळ्याला लोंबती पोळी. तो त्यांना ‘ब्रॅमर’ म्हणत होता. अमेरिकेतली ब्राह्मण ही जात गीर, कांक्रेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णा खोऱ्यातल्या जातीच्या गुरांपासून तयार झाली, हे मी वाचलेलं होतं. पण उन्हात उभ्या असलेल्या त्या गाईने कान हलवून माशी उडवली तेव्हा मला म्हसवडच्या बाजाराची आठवण झाली. थोडं पुढे ओकखाली चितळांचा कळप होता. चितळ आणि काळवीट १९३० च्या दशकात भारतातून इथे आणून सोडले गेले, आणि दक्षिण टेक्सासात नीलगायी आहेत. आमचा भाग ज्यात येतो त्या एडवर्ड्‌स पठारावर चितळ आता मोकाट वाढले आहेत.

त्या रात्री आबांना फोन केला. माती कशी, पाणी किती, हे सगळं मी उत्साहाने सांगत होते. त्यांनी मध्येच विचारलं, “इतर हक्कात काय हाय?”

सातबारा वाचणाऱ्याला हा प्रश्न कळेल. कब्जेदाराचं नाव वर मोठं असतं, पण बोजा, कुळ, वाट, वाद हे सगळं ‘इतर हक्क’ या रकान्यात असतं. टेक्सासमध्ये सातबारा नाही. तिथे तो रकाना पाच-सहा कार्यालयांत विखुरलेला असतो, आणि तो गोळा करणं म्हणजेच रँच घेणं. पुढचे पाच महिने आमचं तेच काम चाललं होतं.

१४ नोव्हेंबर २०२३ ला करार झाला. आपल्या साठेखतासारखा, पण इथे शेती आणि रँचसाठी राज्याच्या रिअल इस्टेट कमिशनचा ठरावीक नमुना आहे. मागणी एकरी ३,३५० डॉलरची होती, ३,१५० वर ठरलं. एकूण १६ लाख ३८ हजार डॉलर. इसार म्हणून १६,५०० डॉलर टायटल कंपनीकडे, म्हणजे मालकी तपासून व्यवहार पूर्ण करून देणाऱ्या कंपनीकडे, जमा केले. त्याशिवाय ३,००० डॉलरची ‘ऑप्शन फी’ दिली. ती परत मिळत नाही, पण तिच्या बदल्यात ठरलेल्या मुदतीत काहीही कारण न देता व्यवहार सोडता येतो आणि इसार परत मिळतो. आमची मुदत १२ जानेवारीच्या संध्याकाळी पाचपर्यंत होती. घराच्या व्यवहारात ही मुदत आठ-दहा दिवसांची असते. रँचला तेवढी घेऊ नका. मोजणीवाला आणि खनिजांचा शोध घेणारा, दोघेही त्यात पोचत नाहीत. दलाल म्हणाला की वकिलाची गरज नाही, नमुना राज्याचाच आहे. आम्ही तरी जमिनीच्याच कामात मुरलेली वकीलबाई घेतली. तिचे एकूण ४,८०० डॉलर झाले आणि त्यातला प्रत्येक डॉलर सत्कारणी लागला.

पहिली गोष्ट तिने सांगितली ती खनिजांची. टेक्सासमध्ये जमिनीचा पृष्ठभाग आणि खालचं तेल-वायू यांची मालकी वेगळी करता येते, आणि एकदा ती वेगळी झाली की कायद्यात खनिजाचा हक्क वरचढ ठरतो. म्हणजे खालचा मालक, किंवा त्याच्याकडून भाडेपट्टा घेतलेली कंपनी, आपल्या रानात वाजवी गरजेपुरता रस्ता काढू शकते, खोदकामाचा ओटा बांधू शकते. तुमची परवानगी त्यासाठी लागत नाही. टायटल विम्यात, म्हणजे जमिनीच्या मालकीहक्काच्या विम्यात, सहसा खनिजांची मालकी येत नाही, म्हणून शोध वेगळा करावा लागतो. हे काम करणाऱ्याला इथे ‘लँडमन’ म्हणतात. त्याने काउंटी क्लार्कच्या, म्हणजे इथल्या दस्तनोंदणीच्या, कार्यालयात बसून जुने दस्त चाळले. तीन आठवडे लागले, २,६०० डॉलर लागले. निघालं ते असं: निम्मी खनिजं १९४८ च्या एका दस्ताने बाहेरच्या लोकांकडे गेलेली, उरलेली निम्मी या नऊ वारसांकडे. आम्ही त्यांच्या निम्म्यातला निम्मा भाग मागितला, आणि जो ते स्वतःकडे ठेवणार त्यासाठी पृष्ठभाग न वापरण्याचं लेखी वचन. दोन्ही मिळालं. १९४८ चा भाग बाहेरच राहिला आणि राहील. आमच्या भागात सध्या तेलाची हालचाल नाही. रेल्वेशी आता काही संबंध न उरलेलं ‘रेलरोड कमिशन’ टेक्सासमध्ये तेलविहिरींचं नियमन करतं, आणि त्यांचा विहिरींचा नकाशा संगणकावर फुकट बघता येतो. आमच्या तुकड्यावर एकच जुनी, कोरडी निघून बुजवलेली विहीर दिसली. करारावर सही करायच्या आधीच हा नकाशा बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

पाण्याबद्दल मी सगळ्यात जास्त हट्ट धरला. टेक्सासमध्ये जमिनीखालचं पाणी जमीनमालकाचं असतं, आणि १९०४ च्या एका निकालापासून ‘जो उपसेल त्याचं’ हे तत्त्व चालत आलं आहे. शेजाऱ्याने मोठा पंप बसवला आणि तुमचं बोअर आटलं, तर दाद मागायला फार जागा नाही. जो काही लगाम आहे तो ‘भूजल संवर्धन जिल्हा’ नावाच्या स्थानिक मंडळांचा. घरगुती वापरासाठी आणि गुरांसाठीची लहान बोअर सहसा परवान्यातून मोकळी असतात. त्यासाठी जमीन दहा एकरांहून मोठी हवी आणि बोअरची क्षमता दिवसाला २५,००० गॅलनच्या आत हवी. नोंदणी मात्र बघावीच लागते. ओढ्यातून वाहणारं पाणी राज्याचं. गुरांसाठी तळं बांधायला ठरावीक साठ्यापर्यंत परवाना लागत नाही. इथे त्या तळ्याला ‘टँक’ म्हणतात. पहिल्यांदा मी टाकी शोधत होते.

विक्रेत्यांच्या यादीत दोन बोअर ‘चालू’ असं लिहिलेलं होतं. चालू म्हणजे किती, हे लिहिलेलं नव्हतं. टेक्सास वॉटर डेव्हलपमेंट बोर्डाच्या संकेतस्थळावर बोअर मारणाऱ्यांनी भरलेले अहवाल असतात. त्यात नव्या बोअरची खोली ४१० फूट सापडली. पवनचक्कीचं जुनं बोअर कुठल्याच नोंदीत नव्हतं. आम्ही पंपवाल्याला बोलावून चार तास सलग उपसा करून घेतला, ४५० डॉलर. नव्या, सौरपंपाच्या बोअरला मिनिटाला सहा गॅलन धार शेवटपर्यंत टिकली. पवनचक्कीवालं तासाभरात गढूळ यायला लागलं आणि मग हवा ओढू लागलं. तो निकाल हातात घेऊन विक्रेत्यांकडून दुरुस्तीपोटी ६,००० डॉलरची सूट घेतली. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतही पाठवा. आमच्याकडे क्षार भरपूर निघाले, नायट्रेट नाही. गुरांना चालतं, आम्ही प्यायला गाळण बसवलं.

मग वाट. आमचा तुकडा मूळ रँचच्या आतल्या अंगाला. काउंटी रस्त्यापासून फाटकापर्यंत यायला दीड मैल विक्रेत्यांच्याच उरलेल्या जमिनीतून जावं लागतं. आलेल्या मसुद्यात लिहिलं होतं की विक्रेते आम्हाला ‘वापरायची परवानगी’ देतील. वकीलबाईंनी तिथे लाल रेघ मारली. परवानगी काढून घेता येते, आणि उद्या ती जमीन तिसऱ्याने घेतली तर तो कोण आणि आपण कोण. आपल्याकडे पाणंदीवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालतात, त्यामुळे हे मला समजावून सांगावं लागलं नाही. तिने कायमचा वहिवाटीचा हक्क लिहून घेतला. तो माणसाला नाही, जमिनीला चिकटलेला. तीस फूट रुंदी, वीज आणि पाण्याच्या लाइनसकट, रस्ता आणि कॅटलगार्ड (गुरं ओलांडू शकत नाहीत अशी रस्त्यातली गजांची जाळी) कुणी दुरुस्त करायचे त्या कलमासकट, आणि काउंटी क्लार्ककडे नोंदवलेला. दोन आठवडे त्यावर पत्रापत्री झाली. सगळ्या खर्चात ज्याला मी दुसऱ्यांदा पैसे द्यायला तयार होईन ते हे काम.

मोजणीने सगळ्यात जास्त वेळ घेतला, सात आठवडे, ११,२०० डॉलर. पण तीच माझी सगळ्यात आवडती आठवण आहे. जुन्या दस्तात हद्दी फुटांत नसून ‘वारा’ या स्पॅनिश मापात आहेत. टेक्सासचा एक वारा म्हणजे साडेतेहतीस इंचांना किंचित कमी, ३३⅓ इंच. दस्तातलं वर्णन असं: अमुक दिशेने ९५० वारा, दगडांच्या ढिगातल्या खुंटापर्यंत, जिथून दहा इंच जाडीचा एक लाइव्ह ओक वायव्येला बारा वारांवर. मोजणीवाल्याबरोबर मी एक दिवस हिंडले. उपग्रहाच्या यंत्राने तो एका निवडुंगाच्या जाळीपाशी थांबला, काठीने फड्या बाजूला केल्या, आणि खाली गुडघ्याएवढा दगडांचा ढीग होता. वर राखाडी-पिवळं शेवाळ चढलेलं, मधोमध सीडरच्या खुंटाचा कुजून उरलेला तपकिरी बुंधा. ओक मेला होता, पण बुंध्याचं भोक त्या बारा वारांवर होतं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी तिथे वाकून तो ढीग रचला, आणि आमची हद्द अजून त्यावर उभी आहे.

त्याच मोजणीत निघालं की पूर्वेचं कुंपण खऱ्या हद्दीच्या चाळीस फूट आत, आमच्या बाजूला आहे. जवळजवळ मैलभर. शेजारी रँचर भला माणूस. त्याच्या वडिलांनी खडक टाळून कुंपण घातलं होतं. त्याने हद्दीच्या करारावर सही केली: कुंपण आहे तिथे राहील, हद्द दस्तातली राहील. सही व्यवहाराच्या आधी घ्या. नंतर कुणाला घाई नसते.

आता वारस. टायटल कंपनीचा अहवाल डिसेंबरात आला. त्याच्या शेवटच्या परिशिष्टात ‘व्यवहाराआधी पूर्ण करायच्या गोष्टी’ असतात. पहिली पानं सोडून आधी ते वाचा. नऊ वारसांपैकी एक दुसऱ्या राज्यात वारला होता आणि त्याच्या मृत्युपत्राची टेक्सासमध्ये नोंदच झालेली नव्हती. वारसनोंद न झालेला सातबारा बघितलेल्या माणसाला हे कोडं नवीन नाही, तरी जीव टांगणीला लागला. व्यवहार पूर्ण करायची तारीख १९ जानेवारीवरून २३ फेब्रुवारीला ढकलली. कर्जाचा व्याजदर धरून ठेवायला कर्ज देणाऱ्या संस्थेने वेगळे १,१०० डॉलर घेतले. ते आम्ही विक्रेत्यांकडून मागितले आणि त्यांनी खळखळ न करता दिले. त्या पाच आठवड्यांत नवरा आणि मी रोज एकमेकांना तेच विचारायचो: सोडून द्यायचं का? नाही सोडलं, कारण बाकी सगळे कागद तोपर्यंत सरळ झालेले होते.

कर्जाचं थोडक्यात. घरकर्ज देणाऱ्या बँका मोकळ्या रानाला सहसा हात लावत नाहीत. १९१६ च्या कायद्यातून उभी राहिलेली ‘फार्म क्रेडिट’ ही सहकारी व्यवस्था आहे, आपण कर्जदार आणि सभासद दोन्ही होतो, आणि फायद्याचा वाटा वर्षाअखेर मिळू शकतो. २५ टक्के रक्कम आमची, म्हणजे घरटी १,३६,५०० डॉलर. उरलेलं २५ वर्षांसाठी ७.६ टक्क्यांनी. हप्ता महिन्याला घरटी तीन हजारांच्या थोडा वर. तिन्ही घरांची तीन वर्षांची करविवरणं आणि प्रत्येकाची वैयक्तिक हमी द्यावी लागली.

जमीन आम्ही एलएलसीच्या, म्हणजे तिघांच्या मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या, नावावर घेतली. नोंदणी ३०० डॉलर, पण खरं काम आपसातल्या कराराचं. उद्या एकाला बाहेर पडायचं असेल तर भाव कसा ठरवायचा, कुणाचा घटस्फोट झाला, कुणी गेलं, कुणाचा हप्ता थकला, हे सगळं मैत्री घट्ट असतानाच लिहून ठेवलं. त्या संध्याकाळी जाऊबाई म्हणाल्या, “असलं बोलणंसुद्धा नको वाटतं.” मलाही वाटत होतं. पण वाटणीवरून तुटलेली घरं आम्ही दोघींनी गावाकडे पाहिली आहेत, म्हणून बसून पूर्ण केलं.

व्यवहाराच्या दिवशी टायटल कंपनीत तासभर सह्या केल्या. टेक्सासमध्ये मुद्रांक शुल्क नाही. दस्त नोंदवायला थोडेसे डॉलर लागतात, बस. टायटल विम्याचा हप्ता राज्याचं विमा खातं ठरवतं, त्यामुळे चार कंपन्यांकडे भाव विचारत फिरण्यात अर्थ नाही. सेवा बघून निवडा.

खरेदीनंतरच्या दोन मुदती महत्त्वाच्या. एक, परदेशी माणसाने शेतजमीन घेतली तर १९७८ च्या केंद्रीय कायद्यानुसार ९० दिवसांत कृषी खात्याला एफएसए-१५३ हा फॉर्म द्यावा लागतो. नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना तो लागू नाही. पण आमचा मित्र एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, आणि कंपनीत त्याच्या घराचा वाटा दहा टक्क्यांहून जास्त, म्हणून आमच्या एलएलसीलाच तो भरावा लागला. फी नाही. न भरल्यास दंड जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आपल्या लोकांत हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून ठळक सांगते. सप्टेंबर २०२५ पासून टेक्सासचा स्वतःचाही एक कायदा लागू झाला आहे. त्यात चीन, इराण, उत्तर कोरिया आणि रशिया ही नावं आहेत, भारताचं नाही.

दुसरी मुदत ३० एप्रिलची, कराची. इथे मालमत्ता कर बाजारभावावर बसतो. आमच्या रानावर तो वर्षाला पंचवीस हजार डॉलरच्या घरात गेला असता. जमीन खरोखर शेतीला किंवा गुरांना वापरात असेल, आणि मागच्या सातपैकी पाच वर्षं असेल, तर तिच्या उत्पादकतेवर कर बसतो, आणि तो हजाराच्या आत येतो. पण मालक बदलला की नव्याने अर्ज करावा लागतो. जुन्या मालकाची सवलत आपोआप पुढे येते असं दलालानेही गृहीत धरलं होतं. अर्जासोबत गुरांचे फोटो, चराईचा भाडेपट्टा आणि कुंपणाच्या खर्चाच्या पावत्या जोडल्या. वापर बदलला तर मागच्या तीन वर्षांचा फरक भरावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

गुरं आमची नाहीत. त्या मॅनेजरनेच एकरी सात डॉलरनी चराई घेतली, आणि चौदा गाई सोडल्या. आबांनी विचारलं, “पाचशे वीस एकरात चौदाच?” इथे पाऊस साधारण माणपेक्षा थोडाच बरा, माती वीतभर, आणि एका गाईला वीस-पंचवीस एकर धरतात. त्यात हरणांचं खाणं मोजावं लागतं. आबा म्हणाले, “मग शहाणा हाय तो.”

शिकारीवर घरात खूप बोलणं झालं. सासूबाई वारकरी, गळ्यात माळ. त्या म्हणाल्या, “गुरं पाळा, झाडं लावा. पण बंदूक कशाला?” मी स्वतः अशा देशातून आले जिथे १९७२ च्या कायद्याने काळविटाला सर्वोच्च संरक्षण आहे. मीही बंदूक धरणार नाही. पण मे महिन्यात राज्याच्या वन्यजीव खात्याच्या जीवशास्त्रज्ञाला बोलावलं होतं. जमीनमालकांकडे ते फुकट येतात. त्याने आम्हाला ओकच्या झाडांखाली उभं केलं. छातीपर्यंतच्या उंचीत एकाही फांदीला पान नव्हतं, जणू कुणी दोरी धरून कापलं असावं. खाली ओकचं एकही रोप नाही, होती ती सगळी खाल्लेली. लांडगा गेला, बिबट्या इथे नव्हताच, आणि त्यात चितळांची भर. त्याने सांगितलं की कोरड्या वर्षी ही हरणं उपाशी मरतात, आणि त्याआधी झाडांची पुढची पिढी संपवून जातात. सासूबाईंना मी ते फोटो दाखवले. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “घराजवळ नको. आणि मांस वाया जाऊ देऊ नका.”

तसंच ठरवलं. घराभोवतीच्या साठ एकरांत गोळी नाही. विक्रेत्यांकडे वर्षानुवर्षं येणाऱ्या चार शिकाऱ्यांचा पट्टा एकरी बारा डॉलरनी पुढे चालू ठेवला. त्यांनी दहा लाखांचा जबाबदारी विमा काढायचा, आमच्या एलएलसीचं नाव त्यात घालायचं, आणि जास्तीचं मांस भुकेल्यांसाठी गोळा करणाऱ्या उपक्रमाला द्यायचं, या अटींवर. जमीनमालकाला शिकारीचा पट्टा द्यायचा तर वन्यजीव खात्याचा वेगळा परवाना लागतो आणि आल्या-गेल्या शिकाऱ्यांची नोंदवही ठेवावी लागते. ती ठेवते मी. भाऊजींना स्वतः जायचं होतं. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला आधी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम करावा लागतो, तो त्यांनी उन्हाळ्यात केला. पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा मोसम त्या वर्षी आमच्या भागात २ नोव्हेंबर ते ५ जानेवारी होता. चितळांना मोसमाचं बंधन नाही. त्या काळात रानात जायचं तर भडक नारिंगी जाकीट घाला आणि आधी शिकाऱ्यांना निरोप द्या, अगदी आपल्याच रानात.

पहिलं करबिल ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं: ९१४ डॉलर, भरायची मुदत ३१ जानेवारी. चराई आणि शिकारीचे मिळून वर्षाला ९,८८० डॉलर येतात. त्यातून कर, विमा, फाटकांची डागडुजी निघते, आणि मागच्या मे महिन्यात ओढ्याला पाणी येऊन वाहून गेलेलं कुंपणही त्यातूनच झालं, ५,३०० डॉलर. कर्जाचा हप्ता मात्र तिन्ही घरांच्या पगारातूनच जातो, आणि पुढची बरीच वर्षं जाईल. रँच स्वतःचा हप्ता स्वतः फेडते असं कुणी सांगत असेल, तर त्याच्याकडून दर एकरी चराई, शिकारीचं भाडं आणि कुंपणाचा खर्च असे तीन आकडे लेखी मागून घ्या आणि रात्री शांतपणे बेरीज करा. आमची या हिवाळ्याची कामं ठरली आहेत: पवनचक्कीच्या बोअरची साफसफाई, आणि उत्तरेच्या उतारावरचा सीडर तोडून तिथे ओकची रोपं जगावीत म्हणून दोन एकरांना उंच जाळी. जाळीचा भाव फुटाला साडेसहा डॉलर सांगितलाय, अजून दोन ठिकाणी विचारायचंय.